प्रार्थनेचा विषय

मी एक पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही, औषधांची नाही आणि वाजवायची तर मुळीच नाही. दीड वीत लांब, वीतभर रुंद. आत लाल मखमल, मखमलीत सहा खळगे आणि प्रत्येक खळग्यात अंगठ्याएवढा काचेचा प्याला. शेजारी द्राक्षरसाची बाटली आणि भाकरीच्या तुकड्यांसाठी एक चपटी डबी. वयामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांना उपासनेला येता येत नाही, त्यांच्या घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घ्यायचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, पोहोचवायचं, हे माझं काम.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. मला एका जागी राहवत नाही. पंधरा दिवस कपाटात काढले की जीव नुसता कासावीस होतो. कुणी कपाटाचं दार उघडलं तरी माझे प्याले किणकिणतात. लोकांना वाटतं, दाराचा धक्का लागला. धक्का कसला, मीच आतून घाई करत असते.

मला घडवलं ते आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका सुतारानं. चर्चचे बाक दुरुस्त करून उरलेल्या फळ्या होत्या, त्या त्यानं फुकट जाऊ दिल्या नाहीत. पण मी साधीच दिसत होते. मग पेंटरकाकांनी मला मांडीवर घेतलं. तेव्हा ते काका नव्हते, तिशीतले होते. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. माझ्या झाकणाभोवती सोनेरी रेघ ओढायची होती. सुतार म्हणाला, "पट्टी देऊ का?" ते म्हणाले, "पट्टी कशाला? हात आहे ना." श्वास रोखून त्यांनी चारही बाजू एका दमात ओढल्या. ती रेघ अजून केसभरही वाकडी नाही. त्या रेघेचा मला गर्व आहे, आणि गर्व करू नये हे मी दर रविवारी ऐकते, तरीही आहे.

आमची मंडळी दर वर्षाच्या सुरुवातीला सहा डीकन निवडते. डीकन म्हणजे मंडळीचे सेवक. पाळकसाहेब उपदेश करतात आणि डीकन खुर्च्या मांडतात, असं म्हटलं तरी चालेल. उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून चहा पाजायचा, म्हणजे लोक एकमेकांशी दोन शब्द बोलतात. शनिवारी दुपारी कामगारांच्या नाक्यावर गरम सूप वाटायचं. निवाऱ्यात राहणाऱ्यांसाठी चांगले कपडे गोळा करायचे. आणि सहांपैकी एकानं मला घेऊन घरोघरी जायचं. आजवर माझे चाळीसेक डीकन झाले. एक मुख्याध्यापक होते, ते मला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासारखं काखेत मारायचे. एक बाई मला इतक्या जपायच्या की पाऊस आला तर घराबाहेरच काढायच्या नाहीत, आणि म्हातारी माणसं वाट बघत बसायची.

गेल्या वर्षी माझ्या वाट्याला आला भिंगरी.

हे त्याचं नाव नव्हे, पण सगळे हाक तीच मारतात. व्यवसायानं प्लंबर, वय चाळिशीचं, बूड एका जागी टेकणार नाही. चहा उभ्यानं पिणार, बोलता बोलता समोरच्याच्या खुर्चीचा ढिला स्क्रू पिळणार. पहिल्याच दिवशी त्यानं मला उचललं आणि सरळ हत्यारांच्या पिशवीत टाकलं. पाना, पक्कड, करवत, वॉशरची पुडी आणि मी! माझ्या रेघेला पाना घासला तेव्हा माझा संताप संताप झाला.

त्याच्या बायकोलाही ते पटलं नाही. "अहो, प्रभुभोजनाची पेटी आणि पाना एकाच पिशवीत?"

"दोन पिशव्या घेतल्या तर एक कुठेतरी विसरणार मी," तो म्हणाला. "मग कुठली विसरलेली चालेल, तेवढं सांग."

तिनं काही न बोलता एक जुना टॉवेल आणला आणि मला त्यात गुंडाळलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

भिंगरीला एकाच गोष्टीची धास्ती होती. मोठ्यानं प्रार्थना करायची. तो नळाशी बोलेल, पाइपाला शिव्या घालेल, पण चारचौघांत देवाशी बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळायची. आमच्या यादीत पाच घरं होती. त्यातलं पहिलं सिस्टरचं, म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंचं. त्या आता अंथरुणावर होत्या, पण आवाज वॉर्डातलाच. भिंगरीनं दोन वाक्यांत प्रार्थना उरकली तशा त्या कडाडल्या, "झाली? मला काय ताप आलाय, गोळीसारखी देऊन निघालास ते?" भिंगरी ओशाळला, स्वयंपाकघरात गेला आणि त्यांचा गळका नळ दुरुस्त करून आला. तेव्हा कुठे सिस्टर म्हणाल्या, "हं, ही प्रार्थना बरी झाली."

यादीतलं पाचवं नाव नवीन होतं. पेंटरकाका. त्यांनी पाळकसाहेबांना निरोप पाठवला होता की गुडघे दुखतात, चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. मी मनातून हरखले. माझ्या रेघेचा धनी इतक्या वर्षांनी मला हातात घेणार होता.

खोली एकच, पण लख्ख. खिडकीखाली टेबल, टेबलावर ब्रश आकाराप्रमाणे ओळीनं लावलेले आणि सगळे कोरडे. काका कॉटवर बसले होते, उजवा हात खिशात. भिंगरीनं मला उघडलं, प्याला काठोकाठ भरला आणि पुढे केला.

"ठेव तिथे," काका म्हणाले. "मी मग घेतो."

"काका, असं कसं? बरोबर घ्यायचं असतं ना. मी थांबतो की."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिशातून हात काढला. तो हात बाहेर आला आणि थरथरायला लागला. प्याला त्यांनी घेतला खरा, पण ओठांपर्यंत पोहोचायच्या आत रस बनियनवर सांडला, प्याला बोटांतून सुटला आणि कॉटखाली घरंगळत गेला. भिंगरीनं पोटावर झोपून तो काढला. उठायला त्यानं जरा जास्तच वेळ लावला. पहिल्यांदाच त्याला घाई नव्हती.

"गुडघे ठणठणीत आहेत माझे," काका म्हणाले. "आपल्याकडे प्याल्यांचं तबक बाकावरून हातोहात पुढे जातं ना. त्या रविवारी माझ्यापर्यंत तीन माणसं उरली होती. तबकात तीस भरलेले प्याले. मी उठून बाहेर आलो तो आलोच. गुडघ्यांचं लोकांना पटतं रे. पेंटरचा हात गेला म्हटलं तर मागे उरलं काय?"

भिंगरीनं हातातला प्याला पुसून माझ्या खळग्यात ठेवला.

"कुणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार, काका."

हे शब्द माझ्या समोर बोलले गेले. माझं झाकण उघडं होतं, मी साक्षीदार आहे.

आता जे झालं ते सांगताना आजही माझे प्याले हलतात. बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा असते. वीसेक जण गोल बसतात आणि एकेक जण प्रार्थनेचा विषय सांगतो. कुणाची नोकरी, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या सुनेचं वागणं. आमच्या मंडळीत चुगली कुणीही करत नाही, फक्त प्रार्थनेचे विषय सांगतात. सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी हळवा असतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना पुढे आलेल्या असतात.

मी टेबलावर होते. गोल फिरत फिरत पाळी भिंगरीवर आली. "आमचे नवे डीकन काही सांगतील," पाळकसाहेब म्हणाले. भिंगरी उभा राहिला. बोलायच्या ऐवजी आपल्याच खुर्चीचा ढिला स्क्रू पिळत राहिला. लोक खोकायला लागले. आणि मग जे त्याच्या मनात चार दिवस घोळत होतं, तेच बाहेर पडलं.

"पेंटरकाकांच्या हातांसाठी प्रार्थना करा. थरथरतात. प्याला धरवत नाही त्यांना."

"अरेरे!" वीस तोंडांतून एकदम आलं. पाळकसाहेबांनी मान हलवली, शेजाऱ्यानं पाठ थोपटली. आणि भिंगरी खाली बसला तो हसऱ्या चेहऱ्यानं. पहिल्यांदा तो सभेत बोलला होता. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, अशीच त्याची समजूत होती. मला झाकण आपटता आलं असतं तर मी आपटलं असतं.

रविवारच्या चहाला ती बातमी कपाबरोबर फिरली. आठवडाभरात काकांकडे अकरा जण जाऊन आले. कुणी तेल नेलं, कुणी डॉक्टरचा पत्ता नेला, कुणी "माझ्या मामांचंही असंच होतं" असं सांगून मामांचा शेवटही सांगून आलं. चहाची व्यवस्था बघणाऱ्या मावशींनी तर कमाल केली. लहान मुलांचा चोचीचा प्याला असतो ना, झाकणाचा, तो विकत घेऊन दिला. त्यांच्या मनात माया होती, हे मला ठाऊक आहे. पण त्या मायेनंच घात केला.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा तो चोचीचा प्याला दाराबाहेर पायरीवर पालथा घातलेला होता. भिंगरीनं कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"तू माझा विषय केलास," काका म्हणाले.

"काका, मी देवाला सांगितलं..."

"देवाला माझा पत्ता ठाऊक आहे. बाकीच्यांना नव्हता."

दार बंद झालं. भिंगरी झपाझप निघाला. पिशवीबाहेरून त्याचा गुडघा माझ्यावर सारखा आपटत होता, एवढं कळत होतं.

तो तसाच पाळकसाहेबांकडे गेला. "मला मोकळं करा. मला हे जमत नाही."

पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "माफी मागितलीस?"

"रोज प्रार्थना करतोय, साहेब."

"मी प्रार्थनेचं नाही विचारलं."

त्या बुधवारी भिंगरी आपणहून उभा राहिला. त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लांब भाषण असेल. "मागे मी पेंटरकाकांबद्दल बोललो. त्यांनी मला सांगू नकोस म्हटलं होतं. मी शब्द दिला होता आणि मोडला. तो विषय माझा नव्हताच. तुम्ही त्यांच्याकडे जाऊ नका, त्याबद्दल कुणाशी बोलू नका. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला." कुणीच अरेरे म्हटलं नाही. मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, गुंडाळलं आणि सोडलं. त्यानंतर खरंच तो विषय कुणी काढला नाही.

पण दार उघडलं नाही. भिंगरी दर महिन्याला जायचा, बाहेरूनच "चुकलो, काका" म्हणायचा आणि परत यायचा. चार महिने. मी आत तळमळायचे. चार घरी माझे प्याले भरायचे आणि पाचव्याच्या दारातून तसेच माघारी. भिंगरीला घरीही चैन नव्हतं. शनिवारी नाक्यावर सूप वाढताना वाट्या भरून वाहायच्या, लोक "बस, बस" ओरडायचे आणि हा ओततच राहायचा. बायको म्हणायची, "एवढं मनाला लावून घेऊ नका." तो म्हणायचा, "त्यांच्याजवळ एकच गोष्ट झाकलेली होती, ती मी चव्हाट्यावर मांडली."

एका सकाळी फोन आला. भिंगरीच्या बायकोनं उचलला. पलीकडून काकांचा आवाज. "डीकन नकोय. नळवाला पाठवा. मोरीत पाइप फुटलाय."

भिंगरीनं पिशवी उचलली, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. टॉवेलासकट मला बाहेर काढलं आणि कपाटावर ठेवलं. "नळवालाच बोलावलाय," तो म्हणाला. "पेटी बघितली तर वाटेल, पाइपाच्या निमित्तानं घुसला."

मी कपाटावर! वर्षभर पान्याबरोबर खडखडत फिरले, आणि आज, ज्या दिवशी ते दार उघडणार होतं, त्याच दिवशी पाना आत आणि मी घरी. इतकी बेचैनी मला आयुष्यात कधी झाली नव्हती. खाली बायको कपडे वाळत घालत होती, घड्याळ चालत होतं, आणि मला एक तसूभर पुढे सरकता येत नव्हतं.

तासाभरानं जिन्यावर धाड धाड पावलं वाजली.

"पेटी कुठाय?"

"तुम्हीच ठेवलीत कपाटावर. काय झालं?"

"मागितली! त्यांनी मागितली! मी पाइप बसवला, हात धुतले, पानाबिना आवरला, एक अक्षर बोललो नाही. निघालो तर म्हणाले, ती पेटी आणलीस का?"

"मग टॉवेल तरी..."

टॉवेल राहिला. मला छातीशी धरून तो पळत सुटला. चार गल्ल्या, एक चढ, रस्त्यात कुणीतरी हाक मारली तीही ऐकली नाही. त्याच्या डोक्यात एकच होतं, म्हाताऱ्याचं मन फिरायच्या आत पोहोचायचं. माझ्या डोक्यातही तेच होतं.

दार उघडंच होतं. भिंगरी धापा टाकत आत शिरला, मला टेबलावर ठेवलं आणि प्याला भरायला घेतला. धावून धावून त्याचेच हात लटपटत होते. अर्धा रस प्याल्यात, उरलेला माझ्या मखमलीवर आणि टेबलावर. काका बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. मोठ्यानं, पोट धरून.

"अरे, तू तर माझ्यावरही वरताण!"

भिंगरीही हसला. मग त्याचे डोळे भरून आले. "काका, अर्धाच राहिला. पूर्ण भरू?"

"नको. अर्धाच असू दे." काका थांबले. "आणि तू जरा तिकडे तोंड कर."

भिंगरीनं भिंतीकडे तोंड केलं. काकांनी दोन्ही हातांनी प्याला धरला. रस हिंदकळला, पण अर्धाच होता, काठापर्यंत आला नाही. सावकाश, खूप सावकाश तो ओठांपर्यंत गेला. मग रिकामा प्याला त्यांनी माझ्या खळग्यात ठेवला. ठेवताना त्यांचं बोट माझ्या रेघेवर क्षणभर टेकलं आणि तिच्यावरच थरथरलं. त्या दिवशी भिंगरीनं प्रार्थना केली ती भिंतीकडे बघून केली. न अडखळता.

मग उरलेले महिने तसंच चाललं. अर्धा प्याला आणि भिंतीकडे तोंड. दोघांत त्याबद्दल पुन्हा शब्द झाला नाही. आणि बघता बघता वर्ष संपलं.

नव्या डीकन आल्या त्या पोस्टातल्या बाई. सहा महिन्यांपूर्वी बदली होऊन आमच्या गावात आलेल्या, हुशार, नीटनेटक्या. भिंगरीच्या घरी येऊन त्यांनी मला ताब्यात घेतलं आणि वही उघडली. "प्रत्येक घराचं सांगा. मी लिहून घेते."

"सिस्टरकडे प्रार्थना लांब करा, नाहीतर ओरडतात. पुढच्या घरी उजव्या कानाशी बोला." भिंगरी सांगत गेला, पेन चालत गेलं. पाचवं नाव आलं.

"पेंटरकाका?"

भिंगरीनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांग ना, मला वाटलं. अर्धा भरायला सांग, नाहीतर ही बाई काठोकाठ भरेल, पहिल्याच दिवशी सांडेल, आणि ते दार पुन्हा बंद होईल. पण सांगितलंस तर पुन्हा तू शब्द मोडलास. भिंगरी खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

"त्यांच्याकडे सावकाश जा," तो म्हणाला.

"सावकाश म्हणजे?"

"सावकाश. एवढंच लिहा."

बाईंनी लिहिलं, पण कपाळावर आठी पडली होती. जाताना भिंगरीनं माझ्या झाकणावर एकदा हात ठेवला. बायकोनं टॉवेल धुऊन दिला होता. तो बाईंनी नको म्हटलं. त्यांच्याकडे मापाची शिवलेली कापडी पिशवी होती. स्वच्छ, मऊ आणि पानाविरहित. खरं सांगू, मला तिथे करमेना.

गेल्या रविवारी आम्ही पेंटरकाकांकडे गेलो. वाटेत मी इतकी किणकिणत होते की बाईंनी दोनदा पिशवी उघडून पाहिली. खोली तशीच लख्ख. काका कॉटवर, हात खिशात. बाई सावकाश बसल्या, सावकाश बोलल्या, वहीतला शब्द त्यांनी अगदी पाळला. मग मला उघडलं आणि बाटली तिरकी केली. रस प्याल्यात चढायला लागला. पाव झाला. अर्धा झाला. बाटली सरळ होईना.

"बाई, थांबा," काका म्हणाले.

बाईंनी बाटली सरळ केली. "काय झालं, काका?"

काकांनी खिशातून हात काढला आणि दोघांच्या मधे, टेबलावर, उजेडात ठेवला. तो थरथरत होता, ब्रशांवर त्याची सावली हलत होती. त्यांनी तो मागे घेतला नाही.

"माझा हात हलतो," ते म्हणाले. "अर्धाच भरत जा. जास्त झाला की सांडतो."

"बरं," बाई म्हणाल्या. "मी तिकडे बघू का?"

"नको. बघितलंत तरी चालेल."

आणि त्यांनी प्याला उचलला.

माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुमच्याजवळ आपलं दुखणं उघडं केलं तर ते जपून ठेवा. पुढे सांगायचं असेल तर ज्याचं त्याला सांगू द्या. त्याला एक वर्ष लागलं तरी लागू द्या. मला थांबवत नाही, हे खरं, पण थांबता येतं हेही मी पाहिलंय. आता निघते. बाईंनी झाकण लावलंय आणि सिस्टरकडे उशीर झाला तर आमची काही खैर नाही.